उजव्या पंखातले शिसे

कांद्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या एका गावी एक वृद्ध गुरू राहत असत, आणि ते लोकांना विमाने बांधायला शिकवीत.

ही विमाने माणसे वाहून नेणारी नव्हती. दोन्ही हात पसरले तर पंख मावावेत, एवढाच त्यांचा आकार. बाल्सा नावाच्या अतिशय हलक्या लाकडाची चौकट, तिच्यावर ताणून बसवलेला रेशमी कागद आणि नाकाशी खरेखुरे छोटे इंजिन. डाव्या पंखाच्या टोकातून दोन बारीक पोलादी तारा निघत आणि मैदानाच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाच्या हातातल्या लाकडी मुठीला येऊन मिळत. विमान त्या माणसाभोवती रिंगण धरी. त्याने मनगट वर वळवले की विमानाचे नाक वर जाई, खाली वळवले की खाली येई. एवढ्या एका मनगटाच्या बळावर जाणकार माणूस विमानाला कोलांट्या घ्यायला लावी, पोट आभाळाकडे करून उलटे उडवी, हवेत आठाचा आकडा काढी.

गुरूंचे नाव मार्तंडराव. गाव त्यांना अण्णा म्हणे. उमेदीची सारी वर्षे त्यांनी हवाई दलाच्या कर्मशाळेत काढली होती. निवृत्तीनंतर ते गावी परतले आणि घराच्या पडवीत त्यांनी ही विद्या मांडली. परंतु पुढे कानाच्या आजाराने त्यांचा तोल गेला. स्वतःभोवती एक गिरकी घेतली तरी भोवळ येई. विमान उडवायचे म्हणजे तर त्याच्याबरोबर सतत फिरत राहायचे. तेव्हापासून अण्णांनी मूठ हातात घेतली नाही. ते फक्त शिकवीत. शिकणारे हळूहळू नोकरीधंद्याच्या मागे पांगले आणि अखेरीस एकच शिष्या उरली.

ती शर्वाणी. पस्तिशीची बाई, बाजारपेठेत तिचे औषधांचे दुकान. चूर्णे आणि क्षार तोलून तोलून तिच्या बोटांना वजनाची अशी सवय झाली होती की, तळहातावरची पुडी किती भरेल हे ती काटा न बघता सांगे. तिने आधी दोन विमाने बांधली होती आणि दोन्ही जमिनीत नाक खुपसून मोडली होती. दुसऱ्या वेळी तर तिचे दीर पाहायला आले होते. ते हसून म्हणाले होते, "वहिनी, जमिनीखाली उडायचा बेत आहे का?" तीही हसली होती; पण त्या रात्री तिला जेवण गेले नाही.

तिने स्वतःशी निदान केले होते की दोन्ही विमाने जड होती. म्हणून तिसऱ्यात तिने वजनालाच शत्रू मानले. हिवाळाभर दुकान बंद झाल्यावर ती अण्णांच्या पडवीत बसे. एकेक फासळी घासून पातळ करी. जिथे लाकूड काढता येईल तिथे भोक पाडी. कागद ताठ करणारे लाखेसारखे रोगण इतके विरळ लावी की कागदातून आतला सांगाडा दिसे. विमान पुरे झाले तेव्हा तिने ते दोन बोटांवर तोलले. डावा पंख, उजवा पंख, अगदी सारखे. तांदळाच्या कणीचाही फरक नाही. विमान बोटांवर पाण्यासारखे स्थिर राहिले, आणि शर्वाणीच्या चेहऱ्यावर असे समाधान पसरले की अण्णांनी तिला त्या क्षणी काहीच म्हटले नाही.

याच सुमारास एक अडचण उभी राहिली.

ज्या मोकळ्या जागेवर अण्णांचे शिष्य विमाने उडवीत, ती जागा झुंबरशेठ नावाच्या व्यापाऱ्याची होती. त्यांच्या वखारीमागचे ते सपाट रान वर्षानुवर्षे तसेच पडून होते. यंदा शेठजींनी तिथे कांद्यासाठी नवी शेड उभारायचे ठरवले. माणूस वाईट नव्हता. ते स्वतः अण्णांकडे सांगायला आले.

"अण्णा, तुमचा मान आहे म्हणून विचारतो," शेठजी म्हणाले. "ह्या खेळण्यांसाठी मी जागा अडकवून किती दिवस ठेवू?"

"खेळणं म्हणता, ते तुम्ही कधी पाहिलंत का, शेठजी?"

"आवाज ऐकला आहे. वखारीत बसलं की मोठी माशी घोंघावते तसा येतो."

"मग एकदा बघा," अण्णा म्हणाले. "येत्या रविवारी सकाळी या. ही शर्वाणी पूर्ण उड्डाण करून दाखवील, माथ्यावरच्या आठापर्यंत. पाहिल्यावर तुम्हाला ते खेळणंच वाटलं तर शेड खुशाल बांधा. मी पुन्हा शब्द काढणार नाही."

माथ्यावरचा आठ ही त्या विद्येतली सर्वांत अवघड कृती. विमान उडवणाऱ्याच्या थेट डोक्यावर जाते आणि तिथेच आडवा आठाचा आकडा काढते. त्या गावात अण्णांनंतर तो कुणाला साधला नव्हता. पण शेठजींनी मान हलवली आणि शब्द दिला गेला.

शनिवारी दुपारी शर्वाणी दुकानातून परतली तेव्हा पडवीतले दृश्य पाहून ती जागीच थबकली. तिचे विमान अण्णांच्या मांडीवर होते. उजव्या पंखाच्या टोकाचा कागद त्यांनी पात्याने कापला होता आणि त्या पोकळीत ते काहीतरी चिकटवीत होते. जवळ जाऊन पाहते तो शिसे! मोटारीच्या चाकांचा तोल साधायला गॅरेजवाले लावतात तसल्या शिशाचे काळपट तुकडे.

"अण्णा! हे काय करताय?"

"वजन घालतो आहे," अण्णा शांतपणे म्हणाले.

"अहो, मी हिवाळाभर वजन काढत होते!"

"ठाऊक आहे. फार सुंदर काढलंस."

"आणि घालायचंच होतं तर एकाच पंखात? तोलच गेला की सगळा!"

अण्णांनी कापलेला कागद पुन्हा नीट चिकटवला आणि विमान तिच्या हाती दिले. "उद्या उडवून बघ," एवढेच ते बोलले, आणि काठी घेऊन देवळाकडे निघून गेले.

शर्वाणीने विमान बोटांवर धरले. ते लगेच उजवीकडे कलंडले. तिचे डोळे भरून आले. तिला वाटले, अण्णांचे वय झाले. हातून विमान सुटून कितीतरी वर्षे लोटली, आता त्यांना आठवत नसेल. गुरूंविषयी असे मनात आल्याची तिला लाज वाटली, पण ते आले खरे. संध्याकाळी तिने विमान घरी नेले, पंखाचे टोक उघडले, शिसे काढले आणि ओट्यावर ठेवले. नवा कागद इतक्या सफाईने बसवला की जोड दिसू नये. विमान पुन्हा बोटांवर स्थिर राहिले. तिला थोडे बरे वाटले. मग तिने शिशाचे तुकडे पर्समध्ये टाकले, केरात टाकवेनात.

रविवारी सकाळी शेठजी यायच्या आधी एक चाचणी घ्यावी असे ठरले होते. मैदानावर पोचताच अण्णांनी विमान दोन्ही हातांनी उचलले. क्षणभर ते तसेच उभे राहिले. उजव्या पंखाकडे त्यांची नजर गेली, मग शर्वाणीच्या चेहऱ्याकडे. ती तारांचा नसलेला गुंता सोडवण्यात मग्न होती.

"चल," अण्णा म्हणाले.

इंजिन सुरू झाले. एरंडेल तेलाचा गोडसर धूर पसरला. अण्णांनी गुडघा टेकून शेपूट धरून ठेवले. शर्वाणी मध्यभागी गेली, मूठ मनगटाला बांधली आणि तिने मान हलवली. अण्णांनी विमान सोडले.

विमान असे उठले की जणू जमिनीशी त्याचे काही देणेघेणेच नव्हते. इतके हलके विमान शर्वाणीने कधी उडवले नव्हते. एक रिंगण, दुसरे रिंगण. तिने मनगट वळवले. विमानाने गोल कोलांटी घेतली. तिने ते उलटे केले, उलटेही उडाले. मूठ थोडी मऊ लागत होती, तारांना नेहमीचा ताण वाटत नव्हता, पण आनंदात तिने तिकडे लक्ष दिले नाही. हिवाळाभराचे कष्ट आभाळात चमकत होते. आता माथ्यावरचा आठ, असे म्हणून तिने विमान थेट वर चढवले.

डोक्यावर येताच विमान आतल्या बाजूला झुकले. उजवा पंख वर उचलला गेला, डावा तिच्याकडे कलला. आणि तारा सैल पडल्या.

ज्याने हे अनुभवले नाही त्याला ते सांगून कळणे कठीण. मुठीतला जिवंतपणा एकाएकी नाहीसा होतो. मनगट वर करा, खाली करा, पलीकडे कुणीही नसते. शर्वाणीने मनगट वळवले. काही घडले नाही. विमान तिच्या अंगावरच घरंगळत येऊ लागले.

"मागे पळ!" अण्णा ओरडले.

ती वळली नाही. विमानावर डोळे ठेवून तशीच उलट्या पावलांनी जिवाच्या आकांताने मागे धावली. अगदी शेवटच्या घटकेला तारा ताणल्या. तिने मनगट उचलले. विमानाने नाक वर केले, पण पुरते नाही. चाके धाडकन आपटली, प्रोपेलरचे तुकडे उडाले, आणि धुळीत सारे शांत झाले.

शर्वाणी धावत गेली. पंख शाबूत होते. सांगाडा शाबूत होता. प्रोपेलर गेला होता आणि चाकाची तार वाकली होती. ती तिथेच मातीत बसली. थोड्या वेळाने तिने पर्समधून शिशाचे तुकडे काढून अण्णांपुढे धरले.

"मी काढले होते," ती म्हणाली.

"विमान उचललं तेव्हाच कळलं."

"मग मला थांबवलं का नाहीत? आज मैदान गेलं असतं, अण्णा. विमान मोडलं असतं."

"मोडलं असतं," अण्णा म्हणाले. "पण विमान तुझं आहे. आणि काल मी सांगून तुला पटलं असतं का? माझा म्हातारपणाचा हट्ट म्हणून तू ते पंखात ठेवलं असतंस, आणि उद्याच्या विमानातून काढलं असतंस."

अण्णा हळूहळू तिच्याशेजारी खाली बसले. त्यांनी डाव्या पंखाच्या टोकाशी लोंबणारी तार दोन बोटांत धरली.

"बाई, तू विमान टेबलावर तोललंस. टेबलावर ते एकटं असतं. तिथे तुझा तोल बरोबर होता, त्यात मी चूक काढणार नाही. पण ते हवेत गेलं की एकटं राहत नाही. त्याच्या एका अंगाला ही तार असते आणि तारेच्या टोकाला तू असतेस. ही तार केसासारखी बारीक आहे म्हणून तू तिला वजनात धरलंच नाहीस. पण तिलाही भार आहे, आणि तो सगळा डाव्या पंखावर पडतो. जमिनीलगत ते खपून जातं. वर, अगदी माथ्यावर, जिथे विमानाला केवळ स्वतःच्या बळावर तुझ्यापासून दूर राहायचं असतं, तिथे तो भार त्याला आत ओढतो. तारा सैल होतात. आणि तार सैल झाली की तू कितीही कुशल असलीस तरी तुझं म्हणणं त्याच्यापर्यंत पोचत नाही. शिसं त्यासाठी. ज्याला कुणाशी जोडून घेऊन उंच जायचं आहे, त्याने त्या जोडाचा भार आपल्या दुसऱ्या पंखात आधीच घेऊन ठेवावा. एकट्यापुरतं पाहिलं तर तो कलंडलेलाच दिसेल. दिसू दे."

एवढ्यात वखारीच्या बाजूने मोटारीचा आवाज आला. झुंबरशेठ आले होते. बरोबर त्यांचा मुनीम, आणि फाटकापाशी चारदोन हमालही कुतूहलाने थांबले होते.

शर्वाणी उठली. काल तिच्या हातांत जो राग होता तो आता कुठल्या कुठे गेला होता, आणि त्याच्या जागी एक विलक्षण घाई आली होती. भीतीची नव्हे, भूक लागल्यावर असते तशी. पकडीने तिने चाकाची तार सरळ केली. अण्णांच्या पेटीतून नवा प्रोपेलर काढून घट्ट बसवला. मग पाते घेतले आणि आदल्या संध्याकाळी एवढ्या सफाईने बसवलेला कागद स्वतःच्या हाताने टराटरा फाडला. शिसे आत बसवले. रेशमी कागद लावायला आता सवड नव्हती. तिने पर्समधून जखमेवर लावायची चिकटपट्टी काढली आणि पंखाच्या टोकाला आडवीउभी चिकटवून टाकली. चकचकीत विमानावर ते ठिगळ लांबूनही दिसत होते.

"ह्याला दुखापत झाली वाटतं?" शेठजींनी विचारले.

"हो शेठजी," शर्वाणी हसून म्हणाली. "औषध दिलं आहे. आता बघा."

पुन्हा इंजिन गर्जले. पुन्हा अण्णांनी गुडघा टेकला. ती मध्यभागी गेली, पाय रोवले आणि मान हलवली.

या वेळी विमान उठले आणि पहिल्याच क्षणी मूठ तिच्या हातात जागी झाली. ताण! भरगच्च, सलग, एखाद्या बळकट माणसाने हात हातात घ्यावा तसा. तिने मनगट तसूभर वळवले आणि पलीकडून लगेच उत्तर आले. कोलांटी. उलट कोलांटी. विमान उलटे होऊन जमिनीलगत सरळ रेषेत गेले, तेव्हा हमालांपैकी एकाने खांद्यावरचे पोते नकळत खाली ठेवले. मग चौकोन: वर, आडवे, खाली, पुन्हा आडवे, आणि प्रत्येक कोपरा असा की जणू कुणी कागद दुमडला. आडवा आठ झाला. उभा आठ झाला. शेठजी बसलेले होते ते केव्हा उभे राहिले हे त्यांनाही समजले नाही.

आता ती घटका आली. शर्वाणीने एक श्वास घेतला आणि विमान वर चढवले. खांद्यावरून, कपाळावरून, थेट माथ्यावर. तिची मान मागे गेली. डोळ्यांपुढे आभाळाखेरीज काही उरले नाही. ज्या जागी मघाशी मूठ मेली होती, ती जागा आली. तारा वाजत होत्या. वाऱ्यात ताणलेली तार वाजते तशा, एका सुरात. ताण होता. तिथेही होता. तिने मनगट वळवले. विमान एका बाजूला गोल उतरले, पुन्हा नेमके माथ्यावर आले, दुसऱ्या बाजूला गोल उतरले, पुन्हा माथ्यावर. निळ्या आभाळावर धुराचा आठ उमटला आणि वाऱ्याने तो पुसायच्या आत तिने त्याच रेषेवर दुसरा काढला.

तिच्या तोंडून आरोळी निघाली. शब्द नव्हता, नुसती आरोळी. पेठेत कायम हळू बोलणारी, पुडीवर मात्रा लिहून देणारी शर्वाणी मैदानाच्या मधोमध आभाळाकडे तोंड करून ओरडत होती, आणि फाटकापाशी हमाल तिच्या आवाजात आवाज मिसळून ओरडत होते.

तेल संपले. इंजिन थांबले. विमान निःशब्द होऊन अर्धे रिंगण तरंगले आणि चाके इतक्या अलगद टेकली की धूळही उठली नाही.

अण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते पुसायची त्यांना मुळीच घाई नव्हती. शेठजी खाली मान घालून दोन पावले चालले आणि मुनिमाकडे वळले.

"शेड पलीकडे, रस्त्याच्या अंगाला घ्या."

"शेठजी, तिथे जागा अरुंद पडेल."

"पडू द्या." मग ते शर्वाणीजवळ आले. आयुष्यभर भाव ठरवणारा तो माणूस हळू आवाजात म्हणाला, "बाई, मला ती मूठ एकदा धरू द्याल का?"

शर्वाणीने अण्णांकडे पाहिले. अण्णांनी मान डोलावली आणि ते पुन्हा टाकीत तेल भरू लागले.

तिने शेठजींना मध्यभागी उभे केले. त्यांच्या मागे राहून त्यांच्या मुठीवर आपला हात ठेवला. विमान सुटले, सरळ साध्या रिंगणात फिरू लागले, आणि ती दोघे त्याच्याबरोबर फिरू लागली.

"अहो, हे ओढतंय मला!" शेठजी घाबरून म्हणाले. "केवढी ओढ आहे ह्याला!"

"असू द्या, शेठजी," शर्वाणी त्यांच्या कानाशी म्हणाली. "हात सैल सोडू नका. त्याला ओढ आहे तोवर ते आपलं ऐकतं."

रिंगणाच्या कडेला बसलेल्या अण्णांनी ते ऐकले. हे वाक्य त्यांनी तिला कधीच शिकवले नव्हते. ते स्वतःशीच हसले. आज कितीतरी वर्षांनी, बसल्या जागी, भोवळ न येता, त्यांची नजर विमानाबरोबर फिरत राहिली.